पणजीतील लेन्स-सफाई : काम चोख, वायदा कच्चा

मिरामार किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्याने कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसलेला मिठाचा थर काढून घेण्यासाठी मी पणजीतील एका लहानशा दुकानात गेलो होतो. कारागिराने कापडाला हात लावण्यापूर्वी रबरी ब्लोअरने वाळूचे कण उडवले, कारण ते तसेच पुसले असते तर काचेवरील लेपावर ओरखडे उमटले असते. द्रावणाचा थेंबही त्याने काचेवर न टाकता मायक्रोफायबरच्या कापडावर टाकला. व्ह्यूफाइंडरच्या फोकसिंग स्क्रीनला (दृश्य ज्यावर उमटते त्या पडद्याला) मात्र त्याने केवळ हवा दिली, कारण ते प्लास्टिक फार नाजूक असते. आतला आरसा मी पूर्वी शर्टाच्या टोकाने पुसला होता. त्यावर उमटलेली रेघ पाहून कारागीर नुसताच हसला. सफाई उत्तम झाली, परंतु २ दिवसांचा वायदा ६ दिवसांवर गेला आणि बुरशीपासून बचावासाठी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी मागूनच घ्यावी लागली.