काजू बी खरेदीचा काटा आणि पायसीरियल: हंगाम पार पडल्यावर

वेंगुर्ल्यातल्या आमच्या छोट्या काजू कारखान्यात बी खरेदीचा वजनकाटा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पायसीरियल लायब्ररीने (सीरियल पोर्टवरची माहिती वाचणारा तयार कोड) संगणकाला जोडला, त्याला एक अख्खा हंगाम आणि वर पावसाळा उलटला. मत आधीच सांगतो: लायब्ररी घ्या, डोळे मिटून घ्या. डोकं खातात ते केबल, काटा यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर आणि काट्याची स्वतःची बोली.

आधी कसं चालायचं ते बहुतेकांना ठाऊक असेल. तुळस, मठ, वेतोऱ्याकडून बी येते, हमाल गोणी काट्यावर टाकतो, एकजण आकडा ओरडतो, दुसरा वहीत लिहितो आणि संध्याकाळी काका वही घेऊन हिशेबाला बसतात. वहीतला आकडा आणि बागायतदाराच्या डोक्यातला आकडा जुळला नाही की वाद ठरलेला. काट्याच्या पाठीला नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जुनी सीरियल जोडणी, होतंच. असं पोर्ट पुष्कळ इलेक्ट्रॉनिक काट्यांना असतं आणि धूळ खात पडलेलं असतं. ते बाहेरच असतं हे बरं, कारण वैधमापन विभागाचं सील फोडून आत तारा जोडायचा विचारसुद्धा करू नये.

बसवणं सोपं आहे. पिपला, म्हणजे पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला, नाव सांगायचं पायसीरियल, कोडमध्ये मात्र इम्पोर्ट करायचं नुसतं सीरियल. नुसत्या ‘सीरियल’ नावाचं एक भलतंच पॅकेजही तिथे आहे, ते घेऊ नका. मी वापरतो ती ३.५ आवृत्ती २०२० सालची आहे. जुनी म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही, आरएस-२३२ त्याहून कितीतरी म्हातारं आहे. रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर आपला युजर डायलआउट गटात (ज्याला सीरियल पोर्ट वापरायची मुभा असते) घातला की परवानगीची कटकट संपते. कोड लिहायच्या आधी सोबत येणाऱ्या मिनिटर्म या छोट्या प्रोग्रॅमवर काटा काय पाठवतो ते निवांत बघत बसा. ती अर्धी संध्याकाळ पुढे फार उपयोगी पडते.

आमचा काटा ९६०० बॉडवर (म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने) सेकंदाला दहाएक ओळी सोडतो. ओळ अशी: ‘एसटी,जीएस,+००२४.३५केजी’. पहिली दोन अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. आकडा स्थिर असेल तर एसटी, हलत असेल तर यूएस. गोणी टेकल्यावर आधी यूएसच्या ओळी धावतात, हमालाने हात काढला की एसटी येते. माझी स्क्रिप्ट एसटीच्या लागोपाठ काही ओळी सारख्या आल्या तरच नोंद घेते आणि वजन शून्याजवळ उतरेपर्यंत पुढची नोंद घेतच नाही. त्यामुळे एका गोणीच्या दोन पावत्या निघत नाहीत.

आता खरी मेख. काटा बोलत राहतो आणि आपली स्क्रिप्ट पावती छापण्यात अडकली, तर ओळी बफरमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, साचतात. लिनक्स साधारण ४ हजार बाइट धरून ठेवतो. अठरा बाइटांची ओळ धरली तर ती वीस-बावीस सेकंदांची शिळी वजनं झाली. सुरुवातीला हमाल सांगायचा, “काट्यार आकडो बदालता, तुमच्या पडद्यार तोच हा.” उपाय सोपा, छपाई झाली की रीसेट इनपुट बफर या आज्ञेने बफर रिकामा करायचा. पण तो ओळीच्या मधोमध रिकामा झाला तर हातात येते अर्धी ओळ. ‘२४.३५’मधला दोन गेला की उरतं ४.३५, आणि ते दिसायला अगदी खरं वजन असतं! गोणीमागे वीस किलो गायब झाले तर बागायतदार परत आमच्या दारात येईल का? म्हणून बफर रिकामा केल्यावरची पहिली ओळ फेकायची आणि पुढच्या प्रत्येक ओळीची लांबी व सुरुवातीची अक्षरं तपासायची.

टाइमआउटचंही (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) तेच. तो दिला नाही तर पायसीरियल जन्मभर वाट बघत बसतं, काट्याची वायर निघाली तरी स्क्रिप्ट ढिम्म. मी एक सेकंद दिलाय.

काजूगर भरायचा छोटा काटा वेगळ्याच वळणाचा निघाला. त्यावर ०, ३, ५, ६, ९ नीट दिसायचे आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा. हे दिसलं की समजा, काटा सात बिट आणि इव्हन पॅरिटीने (एकच्या बिटांची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) बोलतोय आणि आपण आठ बिटांनी ऐकतोय. ज्या आकड्यांत एकच्या बिटांची संख्या विषम, त्यांना पॅरिटीचा बिट चिकटतो आणि ते बिघडतात. शिवाय हा काटा ओळ संपवताना फक्त कॅरेज रिटर्न ही खूण देतो. पायसीरियलची ओळ वाचणारी रीडलाइन आज्ञा लाइन फीड या दुसऱ्या खुणेची वाट बघते, म्हणून इथे आपण सांगू त्या खुणेपर्यंत वाचणारी रीड अंटिल वापरावी लागली.

कन्व्हर्टरवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्तातल्या सीएच३४० चिपला सहसा सीरियल नंबर नसतो. तसे दोन लावले की कुठला काटा कुठला हे लिनक्सला ओळखता येत नाही, मग लिनक्सच्या बाय-पाथ यादीतून यूएसबीची जागा धरून नाव द्यावं लागतं. उबुंटू २२.०४ वर तर ब्रेल पडद्यासाठीचा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम हाच कन्व्हर्टर आपला समजून बळकावतो. लॅपटॉपवर पोर्ट दिसून लगेच गायब झाला तर आधी तो काढून टाका. मी शेवटी एफटीडीआय चिपचे घेतले. महाग आहेत, पण प्रत्येकाला स्वतःचा नंबर असल्यामुळे लिनक्सच्या बाय-आयडी यादीतलं, नंबरावरून ठरणारं नाव कायम राहतं.

त्याचा फायदा मे महिन्यात कळला. वळवाच्या पावसात वीज लपकली की काटा स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, यूएसबी मात्र तुटतं आणि स्क्रिप्टमध्ये सीरियल एक्सेप्शन, म्हणजे पोर्ट वाचता येत नसल्याची त्रुटी, येतं. जुनं पोर्ट बंद न करता थांबलात तर तेच यंत्र यूएसबी-० ऐवजी यूएसबी-१ म्हणून परत उगवतं. एक्सेप्शन पकडायचं, पोर्ट बंद करायचं, दोन सेकंद थांबून बाय-आयडीच्या नावाने पुन्हा उघडायचं. एवढं केल्यापासून काकांनी मला जेवणावरून उठवलेलं नाही.

पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो, खाऱ्या हवेला इलाज नाही. हंगाम संपला की कनेक्टर काढून, पुसून, डब्यात बंद करून ठेवतो.

पुढच्या हंगामात गोदामातला काटा जोडायचाय. तो कचेरीपासून लांब आहे आणि आरएस-२३२ साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाचं, म्हणून तिथे आरएस-४८५ ही लांब पल्ल्याची सीरियल जोडणी टाकणार. ते १२०० मीटरपर्यंत जातं. दोन्ही टोकांना आयसोलेटेड (दोन बाजूंमधला थेट विजेचा संबंध तोडणारे) कन्व्हर्टर घेतोय, कारण दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी आहे. तोही काटा नुसता बोलणारा, ऐकणारा नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये पोर्टचं नाव सोडून काही बदलायचं नाही.