लाकडी कोरीव अमेरिकन झेंडा: भिंतीवर एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

गॅरेजमध्ये बनवलेला लाटांचा (वाऱ्यावर फडकतोय असा कोरलेला) लाकडी झेंडा आमच्या लिव्हिंग रूमच्या भिंतीवर लागून आता एक पूर्ण हिवाळा आणि एक उन्हाळा झालाय. बनवल्या बनवल्या फोटो टाकणारे पुष्कळ असतात, आणि त्या दिवशी सगळेच झेंडे भारी दिसतात हो, ओल्या वॉर्निशखाली काय वाईट दिसणार. इतके महिने रोज येताजाता बघितल्यावर माझं मत मात्र पक्कं झालंय: जे कोरलंय आणि जे जाळलंय ते जसंच्या तसं राहतं, जे रंगवलंय ते बदलतं. मेहनत कुठे ओतायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा ते यावरून ठरवा.

आधी रंगाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. लाल पट्ट्यांना ऑइल-बेस्ड लाल स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारलाय, निळ्याला निळा, आणि पांढरे पट्टे रंगवलेच नाहीत, पाईनचं लाकूड तसंच ठेवून फक्त गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चने भाजलंय. भिंतीच्या उजव्या बाजूला मोठी खिडकी आहे, दुपारभर ऊन येतं. आता जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक लाटेचा जो उतार खिडकीकडे तोंड करून आहे तो विटकरी झालाय आणि पलीकडचा उतार अजून चांगला गडद लाल आहे. म्हणजे ऊनच शेडिंग करून गेलं! बायकोला तर हे मुद्दाम केलंय असंच वाटत होतं, मी पण लगेच काही बोललो नाही. पांढरे पट्टे पिवळसर झालेत, पाईन उन्हात पिवळं पडतंच, वर मारलेल्या ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेन वॉर्निशची स्वतःची पिवळी झाक असते. लाल आणि लाकडी रंगावर ती झाक छान दिसते, ऊब येते. निळ्यावर मात्र हिरवट छटा आणते, म्हणून निळ्या भागावर वॉटर-बेस्ड फिनिश मारलं होतं आणि ते अजून स्वच्छ निळं आहे. खालच्या स्टेनला दोनचार दिवस नीट वाळू द्या मगच वॉटर-बेस्ड मारा, नाहीतर धरत नाही.

भाजलेल्या रेघा? काडीचाही फरक नाही. जळलेलं लाकूड म्हणजे कोळसा, त्याला उन्हाचं काय. पाईनमध्ये मऊ भाग पटकन जळतो आणि कडक रेघा उभ्या राहतात, मग पितळी तारेच्या ब्रशने मऊ काजळी काढली की हाताला लागेल अशी खरबरीत रेघ मिळते. रस्टिक लुक म्हणतात तो हाच, आणि तो फुकट मिळतो. फक्त निळ्या भागावर टॉर्च जपून, काळ्यावर निळा स्टेन बसला की लांबून सगळं काळंच दिसतं.

आता मापं. अमेरिकन झेंड्याची अधिकृत मापं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या २१ ऑगस्ट १९५९ च्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (सरकारी आदेश) १०८३४ मध्ये आहेत, ५० ताऱ्यांचा झेंडा ४ जुलै १९६० पासून चालू झाला. उंचीच्या १.९ पट लांबी. दुकानात जे कापडी झेंडे मिळतात ते बरेचसे ३ बाय ५ फुटाचे, ते प्रमाण वेगळं, आणि मी ऑनलाइन घेतलेली ताऱ्यांची स्टेन्सिल त्याच ३ बाय ५ च्या हिशोबाची निघाली, पॅकेटवर त्याचा उल्लेख नाही. ती बाजूला ठेवली आणि स्वतः आखणी केली. अवघड अजिबात नाही. दीड इंच रुंद १३ पट्ट्या म्हणजे उंची साडेएकोणीस इंच, लांबी ३७ इंच. इथे अमेरिकेत १ बाय २ म्हणून जी पट्टी विकतात ती प्रत्यक्षात पाऊण बाय दीड इंच असते, म्हणजे फाडायचीही गरज नाही. निळा भाग वरच्या ७ पट्ट्यांइतका उंच म्हणजे साडेदहा इंच, आणि रुंद १४.८ इंच. ताऱ्यांसाठी निळ्या भागाची उंची १० भागात वाटा, रुंदी १२ भागात, आतल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक सोडून एक तारा, बुद्धिबळाच्या पटासारखा. आपोआप ६, ५, ६, ५ अशा ९ ओळी होतात. ताऱ्याचा व्यास या मापाला १.२ इंच येतो.

याच आखणीत एक गोष्ट लपलेली आहे. निळा भाग पण दीड इंची पट्ट्या जोडूनच केला तर ताऱ्यांच्या ओळी १.०५ इंचावर येतात आणि जोड दीड इंचावर, त्यामुळे ओळीमागून ओळी जोडांवर चढतात आणि ताऱ्याचं नाजूक टोक नेमकं ग्लूच्या रेघेवर येतं. तिथे पटाशी लावली की टोक उडतं. म्हणून निळा भाग एकाच रुंद फळीतून घ्या, १ बाय १२ ची फळी प्रत्यक्षात सव्वाअकरा इंच असते, ती साडेदहावर आणा. फळीची रेघ (लाकडाचे रेषे) पट्ट्यांच्याच दिशेने, आडवी. शक्य असेल तर ही फळी बासवुडची घ्या. पाईनमध्ये एक रेघ मऊ एक रेघ कडक असते, पटाशी मऊवर घसरते आणि कडकला अडते, बासवुड बटाट्यासारखं सरळ कापलं जातं.

तारे हीच खरी मजुरी आहे, बाकी सगळं त्यामानाने खेळ. एका ताऱ्याला मध्यापासून टोकांपर्यंत पाच खोल रेघा, मग प्रत्येक हाताला दोन उतार, म्हणजे दहा. पन्नास ताऱ्यांचे पाचशे उतार झाले. मी अर्ध्याहून जास्त हाताने कोरले, बाकीचे ट्रिम राऊटरला (लाकूड कोरायचं छोटं मशीन) ६० अंशाचा व्ही-बिट, म्हणजे टोकदार पातं, लावून अ‍ॅक्रिलिकच्या टेम्पलेटवरून. लांबून फरक कळत नाही, पण संध्याकाळी शेजारचा लॅम्प लागला की हाताने कोरलेल्या प्रत्येक ताऱ्यात सावली थोडी वेगळी पडते, राऊटरचे सगळे एकसारखे चपटे दिसतात. पाहुणे आले की बोट नेमकं हातवाल्या ताऱ्यांवर फिरवतात, हे मी कितीदा बघितलंय. वेळ नसेल तर १३ तारे गोलात घेऊन जुन्या पद्धतीचा झेंडा करा, १७७७ च्या ठरावात १३ पट्टे आणि १३ तारे एवढंच होतं, मांडणी सांगितलेलीच नव्हती, त्यामुळे कोणी चूक काढणार नाही आणि रस्टिक लुकला तो जास्तच शोभतो.

लाटा साडेचार इंची अँगल ग्राइंडरने काढल्या. आधी कार्व्हिंग डिस्क, मग ६० ग्रिटची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची), मग १२०. आधी वरच्या आणि खालच्या कडेवर पेन्सिलने लाट आखायची, पण खालची लाट वरच्याच्या सरळ रेषेत नको, थोडी सरकवा, म्हणजे लाट तिरकी वाहते आणि कापड वाऱ्यावर असल्यासारखं वाटतं. सरळ उभ्या लाटा केल्या की पत्र्याचं छप्पर दिसतं. पाऊण इंच जाडीत पाऊण इंच खोल तर जाता येणार नाही, मी सर्वात खोल जागी तीन अष्टमांश इंच गेलो, एवढं पुरतं. स्टेन मारायच्या आधी दिवा बाजूने जमिनीलगत धरून बघा, ग्राइंडरचे जे बारीक खड्डे सरळ उजेडात दिसतच नाहीत ते सगळे उठून दिसतात, आणि नंतर स्टेन पण नेमका त्याच खड्ड्यांत जास्त बसतो. आणि ग्राइंडर दोन्ही हातांनी, साइड हँडल लावून, फेस शील्ड घालून, यात कंजुषी नको. हे दातवाले डिस्क लाकडात अडकले की मशीन हातातून ओढतात.

भुशाचं पण तसंच. ग्राइंडरचा भुसा पिठासारखा बारीक असतो, गॅरेजभर बसतो, आणि पुढची स्टेप टॉर्च पेटवायची. आधी झाडून व्हॅक्युम करा, मग आग. ऑइल स्टेनची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकायची नाहीत, ती स्वतःच तापून पेटतात, बाहेर एकेक सुटी पसरून वाळवायची. पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड वापरणार असाल तर शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णतेने ट्रीट केलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने ट्रीट केलेलं, ते घरातच आणू नका. प्रेशर ट्रीटेड (दाबाने रसायन मुरवलेलं) लाकूड तर जाळायचं नाहीच.

मागच्या बाजूबद्दल कोणी फारसं लिहीत नाही आणि माझ्या मते टिकणं सगळं तिथेच ठरतं. लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला फुगतं आणि आकसतं. आपला झेंडा म्हणजे साडेएकोणीस इंच रुंदीचा आडव्या रेघांचा तक्ताच, आणि इथे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा कोरडीठाक होते. मागे उभ्या पट्ट्या ग्लू लावून घट्ट बसवल्या तर तक्त्याला आकसायला जागा नाही, मग कुठेतरी तडा, बहुतेक एखाद्या ताऱ्यातूनच. मी मागच्या दोन उभ्या पट्ट्यांना मधला स्क्रू घट्ट दिलाय आणि वरखालचे स्क्रू लांबट भोकात वॉशर घालून, ग्लू अजिबात नाही. परवा खिडकी रंगवायला झेंडा उतरवला तेव्हा मागे बघितलं, वॉशर सरकल्याची चकचकीत खूण लांबट भोकाच्या कडेला स्पष्ट दिसतेय, म्हणजे लाकूड हललंय. पुढून एकही जोड उघडलेला नाही. पट्ट्या एकमेकींना टाइटबॉन्ड २ या लाकडाच्या ग्लूने जोडल्यात, घरातल्या वस्तूला तेवढं पुष्कळ.

स्क्रूच्या लांबीचा हिशोब मात्र कागदावर करा. मागची पट्टी पाऊण इंच, सव्वा इंची स्क्रू म्हणजे झेंड्यात अर्धा इंच जातो, आणि लाटेच्या खोल जागी लाकूडच तीन अष्टमांश उरलंय. टोक पुढून लाल पट्ट्यातून बाहेर. मी स्क्रू फक्त लाटेच्या उंचवट्यामागे दिलेत, कोरायच्या आधीच मागे खुणा करून ठेवल्या होत्या.

टांगायला फ्रेंच क्लीट, ४५ अंशात फाडलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीवर एक झेंड्यावर. वजन फार नाही, आठ-दहा पौंड, पण ड्रायवॉलमध्ये (जिप्समच्या भिंतीत) नुसता खिळा ठोकू नका, स्टड (आतला उभा लाकडी खांब) शोधा. १६ इंचांवर स्टड असतात म्हणजे ३७ इंचात दोन तरी सापडतातच.

आणि उभा टांगायचा विचार असेल तर तो लाकूड कापायच्या आधी करा. फ्लॅग कोडमध्ये (झेंडा कसा लावायचा याचे अमेरिकन नियम) आडवा असो की उभा, ताऱ्यांचा भाग वर आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला असावा असं आहे. कापडी झेंडा उभा करताना उलटी बाजू पुढे घेता येते. लाकडीला एकच चेहरा. आडवा बनवलेला उजवीकडे फिरवला तर तारे वर पण उजव्या हाताला येतात, डावीकडे फिरवला तर डाव्या हाताला पण खाली. कसाही फिरवा, बसत नाही. कोड सामान्य माणसासाठी सल्ल्यासारखाच आहे, कोणी दंड करायला येत नाही, पण इथे शेजारीपाजारी एखादा माजी सैनिक निघतोच आणि त्याची नजर पहिली तिथेच जाते. तुम्हाला उभाच हवा असेल तर निळा भाग आरशात दिसतो तसा उलट्या बाजूला घेऊन बनवा.

धूळ ताऱ्यांत बसते, लाटांवर नाही. ओलं फडकं लावू नका, कोरलेल्या कोपऱ्यात लिंट (फडक्याचे बारीक तंतू) अडकतं, जुना मऊ पेंट ब्रश मस्त काम करतो. फिकट झालेल्या लालवर परत स्टेन मारायचा का असं एकदोघांनी विचारलं. वॉर्निशवर स्टेन शिरत नाही, सगळं घासून काढावं लागेल आणि घासताना भाजलेल्या रेघा पण जातील, त्यामुळे मी तो आहे तसाच ठेवणार. पुढचा झेंडा मोठ्या भावाच्या घरी जाणार आहे, त्याच्याकडे पोर्चवर लावायचा म्हणे, तिथे टाइटबॉन्ड ३ आणि बाहेर वापरायचं स्पार युरेथेन घेणार, आणि लाल स्टेनच्या जागी बाहेरचा पेंट पातळ करून. तारे मात्र सगळे हातानेच.