जयपूर फूट घेताना पाऊल कमी बघा, सॉकेट जास्त

जयपूर फूट या कृत्रिम पावलाबद्दल लिहिणारे बहुतेक जण एक तर ते फुकट मिळतं म्हणून भारावून जातात, नाहीतर ‘जुनं रबरी पाऊल’ म्हणून नाक मुरडतात. एक वस्तू म्हणून, म्हणजे भार घेणारं आणि माणसाच्या हाडामांसाला जोडलेलं यंत्र म्हणून, त्याची पारख क्वचित होते. ते जोडलं जातं सॉकेटमधून, म्हणजे स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) ज्यात बसतो त्या कवचातून. इथे मुख्यतः गुडघ्याखालच्या पायाचा विचार केला आहे, मांडीतून पाय गेलेल्यांसाठी गुडघ्यावरचा भाग शेवटी आहे.

१९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाऊल घडवलं. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते केंद्रांतून आणि शिबिरांतून देशभर नेलं, महाराष्ट्रातही अशी शिबिरं होतात.

त्या काळी रुग्णालयांतून मिळायचं ते ‘साच’ (SACH) पाऊल, म्हणजे ताठ घोट्याचं आणि मऊ टाचेचं. त्याच्या पोटात बोटांच्या रेषेपर्यंत जाणारा ताठ लाकडी कणा आणि टाचेत मऊ रबराची पाचर. बूट घालून सपाट फरशीवर चालायला ते आजही चांगलं आहे. पण उंबऱ्याबाहेर चप्पल काढणाऱ्या, उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या आणि चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या माणसाला ते निरुपयोगी. उकिडवं बसताना नडगी पावलावर पुढे झुकावी लागते, घोट्यात तीसेक अंशांचा वाक लागतो. साचचा कणा तो देतच नाही, त्यामुळे टाच उचलली जाते आणि माणूस मागे कलंडतो.

जयपूर फूटमध्ये हा कणाच काढून टाकला आहे. आत तीन सुटे तुकडे असतात: टाचेला स्पंजासारखं सूक्ष्मछिद्री रबर, पुढच्या पंजाला तसंच रबर, आणि घोट्याच्या जागी लाकडाचा छोटा ठोकळा. त्यांवर टायरमध्ये वापरतात तसल्या दोऱ्याच्या पट्ट्या गुंडाळतात, तळव्याला कडक रबर आणि बाहेरून कातडीच्या रंगाचं रबर देतात, आणि सगळं ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून उष्णतेने व्हल्कनाइझ करतात, म्हणजे रबर पक्कं करतात. तुकड्यांमध्ये ताठ दुवा नसल्यामुळे पाऊल वर वाकतं, आत-बाहेर कलतं आणि नडगीभोवती थोडं वळतंही. शेताच्या बांधावरून चालताना खरा उपयोग या कलण्या-वळण्याचाच. आपल्या पावलात घोट्याखाली जो दुसरा सांधा असतो त्याचं काम इथे रबर करतं. ते झालं नाही तर प्रत्येक वळणाचा पीळ थेट स्टंपच्या कातडीवर जातो. कातडी दाब बऱ्यापैकी सहन करते, घासणं आणि पीळ मात्र नाही.

पावलाचा आकार खऱ्या पावलासारखा आहे, बोटंसुद्धा आहेत. देवळात, घरात, नदीवर अनवाणी जाता येतं. तळव्याला टायरचंच रबर असल्यामुळे ओल्या शहाबादी फरशीवर पकडही चांगली मिळते.

आता त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते बघू. ६० किलोचा माणूस चालताना जमिनीकडून पायावर येणारा जोर वजनापेक्षा थोडा जास्त असतो: एका पावलात दोन शिखरं, दोन्ही वजनाच्या सुमारे १.१ पट, म्हणजे साधारण ६५० न्यूटन. दुसऱ्या शिखराच्या वेळी हा जोर पंजाखाली, घोट्याच्या सुमारे १२ सेंटीमीटर पुढे असतो. म्हणजे घोट्यापाशी ७८ न्यूटन-मीटरचा आघूर्ण (वळवणारा जोर), प्रत्येक पावलाला. जिवंत पायात तो पोटरीचे स्नायू पेलतात आणि वर धक्का देऊन शरीर पुढे ढकलतात. कार्बन फायबरचं पाऊल पट्टी वाकवून यातली बरीच ऊर्जा साठवतं आणि परत देतं. रबर वाकतं, पण त्यातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. कणा नसल्यामुळे पंजाही लवकर खचतो, शेवटच्या क्षणी आधार कमी मिळतो आणि चांगल्या पायाचं पाऊल थोडं आखूड पडतं. रोज भरभर चालून लोकल पकडणाऱ्याला, धावू इच्छिणाऱ्याला किंवा ९० किलोच्या पुढच्या माणसाला हे पाऊल सुचवू नये. बराच काळ बूट घालूनच वावरणाऱ्यालाही ते अवघड जातं, कारण पंजा रुंद आहे आणि वाकणाऱ्या रबराला बुटाचा कडक तळ वाकूच देत नाही.

वजनाची तक्रार नेहमी येते: पाऊल आठशे ग्रॅमच्या आसपास, जड आहे. मोजमाप वेगळंच सांगतं. माणसाचं एक पाऊल शरीराच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं जवळपास ८७० ग्रॅम. गुडघ्याखालचा सगळा भाग सहा टक्के धरला तर साडेतीन किलोच्या वर जातो, आणि गुडघ्याखालचा हा पूर्ण कृत्रिम पाय त्याच्या निम्माही भरत नाही. तरी तो जड का वाटतो? खरा पाय हाड, स्नायू आणि अस्थिबंधांनी बांधलेला असतो, हा कातडीला लोंबतो. सॉकेट सैल असेल किंवा पट्टा नीट धरत नसेल तर पाय उचलताना तो आधी खाली ओढला जातो आणि मगच पुढे येतो. तेव्हा ‘जड’ अशी तक्रार आली की तराजू शोधू नका, पट्टा आणि सॉकेट तपासा. पोटरीचा धक्काही नाहीसा झालेला असतो, ते काम आता खुब्याच्या स्नायूंवर येतं आणि संध्याकाळी थकवा तिथेच जाणवतो.

म्हणून या वस्तूचा निकाल सॉकेटवर लागतो. नडगीच्या जागची नळी आणि सॉकेट मिळून एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपचं एकच कवच असतं. पद्धत अशी: स्टंपवर पातळ मोजा चढवून प्लास्टरच्या पट्ट्यांनी साचा घेतात, त्यात पीओपी ओतून स्टंपची प्रतिकृती काढतात. मग ती कानशीने घासून ‘सुधारतात’. हीच पायरी सगळ्यात कसबाची. गुडघ्याच्या वाटीखालच्या अस्थिबंधावर, नडगीच्या आतल्या पसरट भागावर आणि पोटरीच्या मांसावर प्लास्टर थोडं खरवडतात, म्हणजे तिथे सॉकेट घट्ट बसून भार घेईल. नडगीच्या पुढच्या कडेवर, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर आणि कापलेल्या टोकावर उलट प्लास्टर चढवतात, म्हणजे तिथे मोकळीक राहील. मग पाइपचा तुकडा भट्टीत मऊ करून हातमोज्यांनी प्रतिकृतीवर ओढून बसवतात, थंड झाल्यावर आतलं प्लास्टर फोडून काढतात आणि कडा कापतात. शेवटी नळीच्या खालच्या तोंडात पावलाचा लाकडी ठोकळा घालून बाजूंनी स्क्रू मारतात.

हे सगळं एका दिवसात होतं. दूरच्या तालुक्यातून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला त्याच दिवशी पाय घेऊन जाता येतो, ही सोय थोडी नव्हे. पण या रचनेत सुटे भाग जोडून केलेल्या मॉड्युलर पायासारखे अलाइनमेंटचे, म्हणजे पाऊल आणि सॉकेट यांची जुळणी बदलायचे, स्क्रू नसतात. सॉकेटच्या तुलनेत पाऊल किती पुढे, किती आत आणि कोणत्या कोनात, हे पाइप गरम असतानाच ठरतं. नंतर बदलायचं तर पुन्हा तापवावं लागतं.

एक सेंटीमीटरच्या चुकीने काय होतं याचा हिशोब करून बघा. पाऊल तेवढं जास्त पुढे बसलं तर ६५० न्यूटन गुणिले ०.०१ मीटर, म्हणजे साडेसहा न्यूटन-मीटर जादा आघूर्ण. तो पेलायला सॉकेटमध्ये फक्त स्टंपची लांबी असते. १२ सेंटीमीटर धरली तर वरच्या काठावर आणि खालच्या टोकावर विरुद्ध दिशांनी सुमारे साडेपाच किलोचा जादा दाब येतो, प्रत्येक पावलाला. स्टंप आखूड असेल तर आणखी वाढतो. या जोराने गुडघा मागे ढकलला जातो आणि जखम बऱ्याचदा नडगीच्या टोकापाशी होते. माणूस म्हणतो पाऊल टोचतं, आणि शिबिरात पाऊल बदलून देतात. दुखणं तसंच राहतं.

त्यामुळे ताब्यात घेण्याआधी तिथेच हे करून बघा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि कुणाला तरी मागून दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायला सांगा: सेंटीमीटरहून जास्त फरक नको. आरशासमोर चाला. टाच टेकताना गुडघा पुढे लचकत असेल तर सॉकेट जास्त वाकलेलं आहे किंवा टाच फार कडक आहे. गुडघा मागे ताणला जात असेल तर पाऊल फार पुढे आहे किंवा त्याचा चवडा खाली झुकलेला आहे. गुडघा बाहेरच्या बाजूला हिसका देत असेल तर पाऊल फार आत बसलंय. मग उकिडवे बसा, मांडी घाला, पायरी चढा-उतरा. बसताना गुडघ्यामागे सॉकेटची मागची कड रुतत असेल तर ती तिथल्या तिथे उतरवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. शेवटी पाय हवेत उचला आणि सॉकेटच्या काठापाशी मोज्यावर पेनाने खूण करा. भार देताना आणि उचलताना ती खूण सेंटीमीटरहून जास्त सरकली तर पकड सैल आहे.

पाय काढल्यावर कातडी बघायची. वाटीखाली लालसरपणा असणं बरोबरच आहे, भार तिथेच यायला हवा. पण हाडाच्या टोकावर किंवा नडगीच्या कडेवर उमटलेला लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत जात नसेल तर सॉकेट त्या जागी तापवून बाहेर फुगवायला सांगा. एचडीपीईचा हा मोठा गुण: गरम हवेच्या गनने स्थानिक दुरुस्ती होते. मधुमेहींनी हा तपास डोळ्यांनीच करायचा, कारण दुखलं की कळेल यावर त्यांना विसंबता येत नाही. पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज अर्धा-पाऊण तास वाढवत न्या.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात स्टंप हमखास बारीक होतो. सॉकेट तेवढंच राहतं, माणूस खाली सरकतो आणि टोकावर आपटतो. आधी मोज्यांचे थर वाढवा. सुती मोजे रोज धुवा आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. टाल्कम पावडर टाळा, घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. थर खूप वाढायला लागले की नवं सॉकेट करून घ्यायची वेळ आली, आणखी एक मोजा चढवणं हा उपाय नव्हे. जखम ताजी असताना किंवा सूज उतरायच्या आधी शिबिरात जाऊन पाय घेणं म्हणूनच वाया जातं. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद प्लास्टिकमध्ये घाम साचतो, दुपारी एकदा पाय काढून स्टंप पुसा आणि मोजा बदला.

टिकाऊपणाबाबत वस्तू प्रामाणिक आहे. पाणी, चिखल, शेणखत यांनी पाइपला काही होत नाही. बिघाड बहुतेक जोडावर येतो. स्क्रू सैल होतात, चालताना कटकट आवाज येतो, आणि दुर्लक्ष केलं तर लाकडातली भोकं मोठी होऊन स्क्रू धरतच नाहीत. रबर आणि लाकूड यांच्या सांध्यातून पाणी शिरलं की लाकूड फुगतं. भातलावणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाय धुऊन उलटा, सावलीत वाळवा, चुलीजवळ नको. पाइपला उन्हात किंवा आगीजवळ आकार सोडायची सवय आहे. टाचेखालचं रबर आतून बसलं की उभं राहिल्यावर पाय आखूड वाटतो आणि कंबर दुखते. तेव्हा फक्त पाऊल बदलता येतं, सॉकेट चांगलं असेल तर टाकू नका.

मांडीतून पाय गेलेल्यांना याच पावलाबरोबर ‘जयपूर नी’ हा कृत्रिम गुडघा दिला जातो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेला हा गुडघा तेल शोषलेल्या नायलॉनचा आहे आणि टाइम साप्ताहिकाच्या २००९ च्या उत्तम शोधांच्या यादीत होता. त्यात एका खिळीऐवजी चार दांड्यांची जुळणी आहे. एका खिळीच्या गुडघ्यात भाराची रेषा खिळीच्या मागे गेली की पाय अचानक दुमडतो, म्हणून जुन्या पायांत कुलूप लावून ताठ चालावं लागे. चार दांड्यांमध्ये फिरण्याचं केंद्र जागेवर राहत नाही: पाय सरळ असताना ते वर आणि मागे असतं, त्यामुळे टाच टेकताना गुडघा घट्ट राहतो, वाकायला लागला की ते पुढे-खाली येतं. आपल्या गुडघ्यात दोन फुलीचे अस्थिबंध, मांडीचं हाड आणि नडगी मिळून जवळपास असंच करतात, त्यामुळे ही नक्कल योग्य ठिकाणची आहे. वाकताना नडगी थोडी आखूडही होते आणि चवडा दगडाला अडत नाही. उणीव अशी की वेग जुळवून घेणारं काही त्यात नाही. हळू चाला किंवा भरभर, नडगी आपल्याच तालात झुलते, आणि उतारावर त्यावर भरवसा ठेवायला आधी शिकावं लागतं. खुब्याचे स्नायू कमजोर असलेल्या वयस्क माणसाला कुलूपवाला गुडघाच मागून घेणं बरं.

गुडघ्याखालचा पाय, वजन बेताचं, वावर शेतात किंवा जमिनीवर: जयपूर फूट घ्याच, याच्या तोडीचं दुसरं स्वस्त पाऊल नाही. फक्त शिबिराऐवजी शक्य तर कायमच्या केंद्रावर जा, म्हणजे दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात दुरुस्तीला परत जाता येईल. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयवांचं काम नियमित चालतं, तिथे मॉड्युलर पायाशी तुलना करून ठरवता येतं. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दर सहा महिन्यांनी उंची आणि सॉकेट दोन्ही मोजून घ्यावे लागतात, तेव्हा घराजवळचं केंद्र आधी शोधा आणि पाय नंतर घ्या.