खारपाणपट्ट्यात पत्र्याचा कुलर: एका उन्हाळ्यानंतर

मार्च ते जून, रोज 14-15 तास. पंखा 18 इंची, पाणी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं. हवेबद्दल तक्रार नाही. पारा 45 वर असतानाही दुपारी झोप लागते. भानगड सुरू झाली दुसऱ्या महिन्यात. ओला हात पत्र्याला लागला की मुंग्या येऊ लागल्या.

असा करंट लागला की लोक आधी पंख्याची मोटर उतरवतात. आधी टाकीतला छोटा पंप बघा. खारं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. पंपाच्या चक्रीवर (पाणी ढकलणारं छोटं चाक) पांढरा खडबडीत थर चढतो, चक्री अडते, पंप तापतो. मग वायर आत शिरते तिथलं रेझिन (पाणी अडवणारं सील) तडकतं आणि पाणी थेट वाइंडिंगपर्यंत, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत जातं.

तपासणी सोपी आहे. थ्री पिन बोर्डातून काढा, पण कुलरवरची पंखा आणि पंप दोन्हींची बटणं चालू ठेवा. मल्टिमीटर 20 मेगाओमवर घ्या. एक टोक पिनच्या फेजवर, दुसरं रंग खरवडलेल्या पत्र्यावर. मग तेच न्यूट्रलवरून. नंतर पंपाची वायर जोडातून सोडवून पुन्हा मोजा. पंप पाण्यात असताना 0.3 मेगाओम आणि सोडवल्यावर काहीच वाचन नाही (मीटरवर OL किंवा नुसता 1), म्हणजे चोर सापडला. 0.3 मेगाओम म्हणजे 230 व्होल्टला पाऊण मिलिअँपिअर. मुंग्या येतात त्या एवढ्यानेच. असा पंप एम-सील लावून परत टाकू नका, नवाच घ्या.

पंखा नुसता गुणगुणतो आणि काडीने ढकलल्यावर फिरतो, तर कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेला. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याचाच घ्या. मात्र संध्याकाळी शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज 170 वर उतरलं, तर मोटरची ताकद जवळपास निम्मी होते. तेव्हा कंडेन्सरला दोष देऊ नका, आधी व्होल्टेज मोजा.

या कुलरचा खरा दोष बनवणाऱ्याचा आहे: अर्थिंगची हिरवी वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली. रंग वीज अडवतो, म्हणजे अर्थ असून नसल्यासारखा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासून, दातेरी वॉशर टाकून ती पुन्हा आवळावी लागली. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं, इथे जिवाशी गाठ असते.

घराचा अर्थही बघून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. अर्थ मिळत नाही म्हणून बोर्डात न्यूट्रललाच जोडून देणारे मिस्त्री आहेत. तसं अजिबात करू देऊ नका: न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा 230 व्होल्टवर येतो. त्यापेक्षा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

पंप बदलल्यापासून टाकी दर आठव्या दिवशी पूर्ण रिकामी होते आणि चक्री जुन्या ब्रशने घासली जाते. पाणी भरताना पिन बोर्डातून बाहेर. दोन महिने झाले, मीटरवर वाचन शून्याकडे सरकलेलं नाही.