नौपाड्यातील मॉडेलसाहित्याचे दुकान आणि १९३२च्या फोर्डच्या काचा

ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मॉडेलसाहित्य विकणारे छोटे दुकान आहे. १:२५ स्केलच्या मोटारी जोडणाऱ्यांनाही ते सोयीचे आहे, कारण तेथे पारदर्शक शीट सुटी आणि जाडी पाहून घेता येते. खरी काच सहा मिलिमीटरची धरली, तर या मापात ती ०.२४ मिलिमीटर होते, म्हणून ०.२५ मिलिमीटरची शीट अर्ध्या उतरवलेल्या काचेच्या कडेलाही खरी वाटते. किटमधील, म्हणजे जोडणीच्या तयार संचातील, जाड काचेत ती गंमत नाही.

हॉट-रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या मोटारीच्या, मॉडेलसाठी तर शीट लागतेच. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्डचे छत पेलणारे खांब कापून छत खाली आणत आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावावर वेग अजमावत. १९३२च्या फोर्डला २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन मिळाले आणि ती या मंडळींची लाडकी झाली. रद्दीतल्या अमेरिकन मासिकांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांची ही ओढ उसनीच, पण पक्की आहे. मॉडेलचे छत कापले की किटची काच बसत नाही. मात्र त्या गाडीच्या काचा सपाट असल्यामुळे कागदी नमुन्यावरून नव्या कापता येतात. पुढच्या काळातील वळणदार काचांना ही युक्ती लागू नाही.

दुकानाचा दोष असा, की शीटवर पदार्थाचे नाव नसते आणि पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते. एखादा कोपरा, अर्थात विचारून, दुमडून पाहावा: स्टायरीन हे प्लास्टिक तडकते, पीईटीला (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकला) केवळ घडी पडते. माझी पसंती पीईटीला आहे. अ‍ॅसिटेट दमट हवेतील ओलावा शोषून वाकते, आणि ठाण्याचा जुलै त्याला मानवणारा नाही. इंकजेट प्रिंटरसाठीची ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) शीट स्वस्त वाटली तरी तिच्या एका बाजूच्या लेपामुळे काच धुरकट दिसते. पीईटी ओरखडा काढून मोडत नाही, ती नव्या ब्लेडने आरपार कापावी लागते. चिकटवण्यासाठी पांढरा पीव्हीए गोंद वापरावा. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरट थर धरते.

दर माफक आहेत आणि मालक घाई करत नाहीत. मात्र शीट गुंडाळून रबर लावून देऊ लागल्यास पुठ्ठ्यात घालून सपाटच मागावी, कारण गुंडाळीचा बाक एवढ्याशा काचेतही प्रतिबिंब वाकडे करतो.