तेरा सद्गुणांची वही : चौकटी नेमक्या, पण प्रार्थनेचे पान गाळलेले

अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने तरुणपणी स्वतःसाठी आखलेल्या तेरा सद्गुणांच्या तक्त्यावर बेतलेली एक मराठी वही मला दादर पश्चिमेच्या एका लहानशा स्टेशनरीच्या दुकानात मिळाली. किंमत 350 रुपये. सलग तेरा आठवडे, म्हणजे फ्रँकलिनच्या हिशेबाने एक पूर्ण आवर्तन, ती वापरून झाल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे, कारण अशा वहीची पारख नुसती चाळून होत नाही.

वहीची बांधणी उत्तम आहे. मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा रोजचा लोकलचा प्रवास पिशवीत करूनही तिचे एकही पान सुटले नाही. कागद मात्र पातळ असून शाईचे पेन वापरल्यास मागच्या बाजूला डाग उमटतात, त्यामुळे पेन्सिलच बरी. योगायोग असा की खुद्द फ्रँकलिनलाही कागदाने दगा दिला होता. जुन्या खुणा खरवडून नव्यांसाठी जागा करता करता त्याच्या वहीला भोके पडली, तेव्हा त्याने तो तक्ता हस्तिदंती पानांच्या टिपणवहीत उतरवला. रेघा लाल शाईच्या कायम राहत आणि पेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजने पुसता येत.

तक्त्याची मांडणी वहीत बरोबर उतरली आहे. उभे सात रकाने वारांचे, आडव्या तेरा ओळी सद्गुणांच्या, प्रत्येक आठवड्यात एकाच सद्गुणावर विशेष लक्ष आणि वर्षात चार आवर्तने. ‘मौन’ या शब्दाखाली ‘दुसऱ्याच्या किंवा आपल्या हिताचे असेल तेवढेच बोलावे’ असा खुलासा दिला आहे, तो अगदी योग्य आहे. ‘शिस्त’ हा शब्द मात्र चुकला. प्रत्येक वस्तूला तिची जागा आणि प्रत्येक कामाला त्याची वेळ असावी, असे फ्रँकलिनला म्हणायचे होते. त्याला मराठीत ‘व्यवस्थितपणा’ म्हणतात. हाच गुण आपल्याला सर्वांत जड गेला, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे आणि माझाही अनुभव तोच आहे.

माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. ही वही गुण पाळल्याबद्दल बरोबरची खूण करायला सांगते. फ्रँकलिन रोज संध्याकाळी चूक झाली असेल तेथे काळा ठिपका देत असे आणि पान कोरे राहावे ही त्याची इच्छा असे. हा फरक वरवर लहान वाटतो, पण बरोबरच्या खुणा मोजताना माणूस स्वतःवर खूश होत जातो आणि ठिपके मोजताना त्याला स्वतःची ओळख पटते. चौथ्या आठवड्यात मी छापील सूचना बाजूला ठेवून ठिपके देऊ लागलो, तेव्हा वही पहिल्यांदा कामाची वाटली.

दुसरा दोष प्रस्तावनेत आहे. तीत फ्रँकलिनला ‘निरीश्वरवादी’ म्हटले आहे, ते साफ चूक आहे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास, डीइझमचे खंडन करण्यासाठी लिहिलेली पुस्तके वाचूनच तो डीइस्ट झाला. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर आहे, पण त्याला जाणण्यासाठी चमत्कार किंवा पोथी लागत नाही, बुद्धी पुरते, असे हे मत आहे. 1725 मध्ये लंडनच्या छापखान्यात काम करताना त्याने एक पुस्तिका छापली आणि सर्व काही ईश्वराच्या इच्छेनेच घडत असेल तर सद्गुण आणि दुर्गुण हा भेद पोकळ ठरतो, असा तर्क तीत मांडला. पुढे त्यातल्या बहुतेक प्रती त्याने जाळल्या. ज्या मित्रांना त्याने या विचाराकडे वळवले, त्यांनीच त्याला फसवले होते. फिलाडेल्फियात जिला वचन दिले होते, तिला तो स्वतः विसरला होता. हे मत खरे असले तरी फारसे उपयोगी नाही, अशा निष्कर्षावर तो आला आणि 1728 मध्ये त्याने स्वतःपुरता उपासनेचा क्रम लिहून काढला. तेरा सद्गुणांचा तक्ता या मंथनातून आला आहे. त्याच्या आरंभी रोज म्हणायची प्रार्थनाही होती, आणि नेमके तेच पान या वहीत नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी निर्मात्याला ‘निर्मिक’ म्हटले. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तीविना एकेश्वराची उपासना केली. त्या सर्वांची मते फ्रँकलिनसारखीच होती असे नाही, पण मुंबईत विकल्या जाणाऱ्या मराठी वहीला ‘निर्मिक’ हा शब्द सहज वापरता आला असता. निधनाच्या काही आठवडे आधी, मार्च 1790 मध्ये, फ्रँकलिनने एका पत्रात लिहिले की ईश्वराची सर्वांत स्वीकारार्ह सेवा म्हणजे त्याच्या इतर लेकरांचे भले करणे. ही एक ओळ मलपृष्ठावर असती तरी पुरेसे होते.

‘न्याय’ या पानावर आणखी एक उणीव आहे. फ्रँकलिनने अनेक वर्षे गुलाम बाळगले आणि तो 1787 मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, हे दोन्ही तेथे हवे होते. ज्याचा तक्ता आपण गिरवतो, त्याचे ठिपकेही आपल्याला दिसले पाहिजेत.

नुसती सवय लावून घ्यायची असेल तर ही वही जरूर घ्यावी. बांधणी आणि आखणी त्या किमतीला साजेशी आहे. मी मात्र दुसरे आवर्तन 40 रुपयांच्या शाळेच्या वहीत सुरू केले आहे. लाल पेनाने तेरा ओळी आखल्या आहेत आणि पहिल्या पानावर ती प्रार्थना मराठीत उतरवून काढली आहे. या आठवड्यात मिताहार आहे, आणि बुधवारच्या रकान्यात एक ठिपका पडला आहे.