सोपची चार अवजारं: सीएक्सएफ, डॉटनेट, झीप आणि पीएचपी

सोप म्हणजे दोन सिस्टिमनी एक्सएमएल मेसेज पाठवून बोलायची जुनी, काटेकोर पद्धत. रेस्ट या सुटसुटीत पद्धतीच्या जमान्यात सोप कशाला, असं विचारणाऱ्याला अजून विमा कंपनी किंवा बँकेचं इंटिग्रेशन मिळालेलं नसतं. समोरून डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवेत काय काय मागता येतं ते सांगणारी फाइल, येते आणि ती चालवून दाखवावी लागते. चारही अवजारं आपापल्या घरी उत्तम चालतात. भांडण सुरू होतं ते एकाचा क्लायंट दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलायला लागला की.

सगळ्यात भरभक्कम म्हणजे जावाचं अपाचे सीएक्सएफ. डब्ल्यूएस-सिक्युरिटी (मेसेजमधलीच सुरक्षा), डिजिटल सह्या, एमटॉम (मोठ्या फाइली जोडून पाठवणं), सगळं आहे. जेडीके ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस (जावातली सोपची सोय) काढून टाकल्यापासून डब्ल्यूएसडीएलवरून कोड बनवणारं 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' जेडीकेसोबत मिळत नाही, त्यामुळे सीएक्सएफचं मेव्हन प्लगइन लावलेलं बरं. प्रकल्प स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कवर असेल तर सीएक्सएफ ४ च घ्या. ३ ची मालिका 'जावाएक्स' पॅकेजांवर आहे, ४ 'जकार्ता'वर. दोन्हींची खिचडी झाली की क्लास सापडत नाही म्हणून अ‍ॅप उठतच नाही. ऐच्छिक आणि शिवाय निलेबल (रिकामं चालणारं) असलेलं प्रत्येक फील्ड 'जॅक्सबीएलिमेंट'मध्ये गुंडाळून येतं, ती कटकट बाइंडिंग फाइलमध्ये 'जनरेटएलिमेंटप्रॉपर्टी' फॉल्स केल्यावर जाते.

डॉटनेटचा क्लायंट 'डॉटनेट-एसव्हीसीयूटिल'ने दोन मिनिटांत तयार होतो. सापळा पुढे आहे. कोड एक्सएमएल सिरियलायझरवर बनला असेल, तर ऐच्छिक आकड्याच्या फील्डला एक जुळं भावंड मिळतं: 'अमाउंट' आणि 'अमाउंटस्पेसिफाइड'. अमाउंटमध्ये ५००० भरले पण दुसरं ट्रू करायचं राहिलं, तर रिक्वेस्टमध्ये तो टॅगच जात नाही. ना एरर, ना वॉर्निंग. सर्व्हरवाला म्हणतो रक्कम आलीच नाही, आणि तो खरंच बोलत असतो. बाइंडिंग (इथे जोडणीची सेटिंग) हाताने लिहिलं तर उत्तराची मर्यादा मुळात ६५,५३६ बाइट असते, हेही लक्षात ठेवा. सर्व्हर बाजूला डब्ल्यूसीएफ, म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी सोप-चौकट, नव्या डॉटनेटमध्ये आलंच नाही. तिथे २०२२ पासून कोअरडब्ल्यूसीएफ १.० आहे.

अनोळखी डब्ल्यूएसडीएल हातात आली की आधी पायथॉनचं झीप चालवावं, मग तुमचा प्रकल्प कशातही असो. कमांड लाइनवर झीप मॉड्यूलला पत्ता दिला की सगळी ऑपरेशन्स आणि टाइप छापून मिळतात. हिस्टरी प्लगइन लावलं की तारेवरून नेमकं काय गेलं ते दिसतं. सर्व्हर स्कीमा (फील्डांचा ठरलेला साचा) पाळत नसेल तर 'स्ट्रिक्ट' फॉल्स करायची सोय आहे.

पीएचपीचा सोपक्लायंट सगळ्यात गरीब. डब्ल्यूएस-सिक्युरिटी नाही, हेडर स्वतः रचायचा. यादीत दोन नोंदी आल्या तर अ‍ॅरे, एकच आली तर थेट ऑब्जेक्ट. मग फोरईच त्या नोंदीच्या फील्डांवरूनच फिरतो. 'सिंगल एलिमेंट अ‍ॅरेज' हा फ्लॅग पहिल्या दिवशीच चालू करा. डब्ल्यूएसडीएल मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस, कॅशमध्ये राहते. सर्व्हर बदलला तरी हा जुनंच धरून बसतो. पण समोर अ‍ॅक्सिस १ च्या काळातली आरपीसी-एन्कोडेड (जुन्या मेसेज-रचनेची) सेवा असेल तर सीएक्सएफ तिला दारातच अडवतं, आणि हाच गरीब कामाला येतो.

सर्व्हरकडून ४१५ (कंटेंट-टाइप चालत नाही) हा एरर आला तर सोपची आवृत्ती तपासा: सोप १.१ ला 'टेक्स्ट/एक्सएमएल' आणि वेगळा सोपअ‍ॅक्शन हेडर लागतो, १.२ ला 'अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' आणि अ‍ॅक्शन त्याच ओळीत.

राहता राहिली जन्मतारीख. स्कीमात 'डेट'ऐवजी 'डेटटाइम' लिहिलेलं असलं की भारतातली १ जानेवारीची मध्यरात्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ३१ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा होते. समोरच्याने फक्त तारीख कापून घेतली की पॉलिसीधारकाचं जन्मवर्षच बदलतं. यावर चारांपैकी एकही अवजार तक्रार करत नाही. स्कीमा आपल्या हातात नसेल तर वेळ दुपारी बाराची पाठवा.